पाठीवर पिशवी, हाती स्कूटर

प्रस्तावना

प्रवास म्हटला की तिकीट, गाडी, मुक्काम आणि पाहण्याची स्थळे आपल्या डोळ्यांसमोर येतात. पण प्रवासाचा आणखी एक प्रकार आहे. गरजेपुरते सामान पाठीवर घ्यावे, पायी हिंडावे, लोकांशी बोलावे आणि जमल्यास त्या मुलखात एखादी नवी गोष्ट शिकून यावे. प्रस्तुत पाठात लेखिका मध्य प्रदेशातील जबलपूरजवळच्या गढा या जुन्या वस्तीत गेली आहे. गोंड राजांची ही एके काळची राजधानी. प्रचंड कातळांच्या टेकड्या, तलाव आणि पुराणी देवळे यांनी हा परिसर नटलेला आहे. तेथे राहून, वयाच्या चाळिशीनंतर, लेखिका स्कूटर चालवायला शिकते. शिक्षणाला वयाची अट नसते, हे आपण नेहमी ऐकतो. मोठ्या वयात शिकताना नेमके काय घडते, हे या पाठात पाहू या.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला–
• गढा परिसराचा इतिहास व निसर्ग यांची माहिती सांगता येईल;
• स्कूटर शिकण्याचे टप्पे क्रमाने लिहिता येतील;
• शिकाऊ परवान्याविषयीचे मुख्य नियम सांगता येतील;
• आज्ञार्थी व विध्यर्थी क्रियापदांतील फरक ओळखता येईल.

मूळपाठ

(१)

नागपूरहून जबलपूर सुमारे २७० किलोमीटर. एके काळी ही दोन्ही शहरे एकाच प्रांतात होती आणि १९५६ पर्यंत त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. त्याआधीचा संबंध त्याहून जुना. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे गोंड राज्य जिंकले, पुढे हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ नंतर तेथे इंग्रजी अंमल सुरू झाला. या साऱ्या घडामोडींत अनेक मराठी कुटुंबे जबलपुरात स्थायिक झाली. माझ्या मावशीचे सासर त्यांपैकीच एक. तिचे मराठी हिंदीच्या शेजारात वाढलेले आहे. मला ती ‘बेटा’ म्हणते आणि रागावली की शुद्ध नागपुरी बोलते.

मावशीकडे जाताना मी एकच पिशवी घेतली होती. दोन जोड कपडे, पाण्याची बाटली, एक शाल, वही आणि शिकाऊ वाहनपरवाना. परवाना नागपुरातच काढला होता. असा परवाना देशभर चालतो, हे तेथील कार्यालयात समजले होते. जड वस्तू पिशवीत पाठीच्या अगदी जवळ ठेवाव्यात, म्हणजे चालताना पिशवी मागे ओढत नाही. ही युक्ती मला ठाऊक होती. त्यामुळे पहिल्याच सकाळी ती पाठीवर टाकून मी मदनमहालाची टेकडी चढायला निघाले.

गढ्याच्या टेकड्या आपल्या सह्याद्रीसारख्या नाहीत. सह्याद्रीत काळ्या दगडाचे थर एकावर एक बसलेले दिसतात. येथे मात्र ग्रॅनाइटचे गोल, गुळगुळीत धोंडे आहेत. कुणी मोठ्या हाताने ओंजळभर खडे भिरकावावेत, तसे ते विखुरलेले दिसतात. हा खडक फार प्राचीन. ऊन, पाणी आणि थंडी यांनी त्याच्या भेगा रुंदावल्या, कोपरे झिजले आणि चौकोनी ठोकळ्यांचे गोटे झाले. अशाच एका महाकाय धोंड्यावर मदनमहाल उभा आहे. नाव महाल असले तरी वास्तू लहानशीच आहे. गोंड राजा मदनशहा याचे नाव तिला परंपरेने जोडले जाते. वर उभे राहिले की चहूकडचा प्रदेश दिसतो. येथे पहाऱ्याची चौकी का असावी, हे वेगळे सांगावे लागत नाही.

टेकडीच्या पायथ्याला एक नवल आहे. एका धोंड्यावर दुसरा प्रचंड धोंडा अगदी थोड्या जागेवर टेकून उभा आहे. लोक त्याला ‘बॅलन्सिंग रॉक’ म्हणतात. पाहणाऱ्याला वाटते, वारा आला तरी हा घरंगळेल. परंतु २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपुरात मोठा भूकंप झाला, घरे कोसळली, माणसे दगावली. हा धोंडा मात्र हलला नाही. त्याचा सारा भार खालच्या टेकलेल्या जागेच्या आतच उतरतो, म्हणून तो उभा आहे.

(२)

मावशीच्या अंगणात दोन स्कूटर होत्या. एक काकांची जुनी ‘चेतक’. महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव मिळालेली ही स्कूटर १९७२ पासून पुण्याजवळच्या आकुर्डीत तयार होऊ लागली. त्या काळी ती घ्यायची तर नाव नोंदवून कित्येक वर्षे वाट पाहावी लागे. डाव्या मुठीत क्लच व गिअर, उजव्या पायाखाली मागचा ब्रेक आणि सुरू करायला पायाने मारायची किक. चेतकचे इंजिन उजव्या बाजूला असल्याने तिचा भार किंचित त्या अंगाला झुकतो. पुढे बिनगिअरच्या स्कूटर आल्या. बटण दाबताच सुरू होणारी ‘कायनेटिक होंडा’ १९८४ च्या सुमारास रस्त्यावर आली आणि गिअरच्या धास्तीने दूर राहिलेल्या असंख्य स्त्रियांना वाहन मिळाले. चेतक बनवणाऱ्या कंपनीने २००९ साली स्कूटरचे उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. २०२० मध्ये तेच नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरला मिळाले.

अंगणातली दुसरी स्कूटर मावशीची, बिनगिअरची. काका असताना मावशी नेहमी चेतकवर मागे बसत असे. काका गेल्यावर बाजारहाट, बँक, दवाखाना या साऱ्यासाठी तिला रिक्षाची वाट पाहावी लागे, नाहीतर शेजारच्या मुलाची मनधरणी करावी लागे. तेव्हा ती पंचावन्न वर्षांची होती. एका दिवशी तिने स्कूटर आणली आणि शिकली.

“कुणी शिकवलं?” मी विचारले.

“शेजारच्या मुलीनं. माझ्या निम्म्या वयाची होती. आधी लाज वाटली. मग म्हटलं, लाजेपायी जन्मभर वाट बघण्यापेक्षा आठ दिवस लाज सोसलेली बरी.”

मीही आयुष्यभर मागेच बसत आले होते. आधी वडिलांच्या, मग पतीच्या आणि आता मुलाच्या. कुठे जायचे ते मी ठरवत असे. केव्हा जायचे ते मात्र दुसऱ्याच्या सवडीवर अवलंबून असे. मावशीच्या बोलण्याने मला धीर आला.

(३)

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एका मोकळ्या मैदानावर गेलो. स्कूटर सुरू होईल या अपेक्षेने मी बसले, तर मावशीने किल्ली काढून घेतली.

“आधी उतर. ही गाडी हातानं चालवत ने. मी म्हणेन तिथं ब्रेक दाब.”

पहिला तास मी इंजिन बंद असलेली स्कूटर ढकलत नेली आणि थांबवली. दोन्ही मुठींपाशी ब्रेकची दांडी असते. डावी मागच्या चाकाची आणि उजवी पुढच्या चाकाची. फक्त पुढचा ब्रेक एकाएकी दाबला तर गाडी घसरते. फक्त मागचा दाबला तर थांबायला जास्त जागा लागते. म्हणून दोन्ही मिळून, हळूहळू जोर वाढवत दाबावेत. हे माझ्या बोटांना कळेपर्यंत मावशीने मला गाडीवर बसू दिले नाही.

“चालवायला केव्हा शिकवणार?”

“थांबायला आलं की चालवायला आलंच, बेटा. भीती वाटते ती चालण्याची नसते. आपल्याला थांबता येणार नाही याची असते.”

मग मैदानाच्या हलक्या उतारावर, पाय दोन्ही बाजूंना सोडून, इंजिन न लावता गाडी घरंगळू द्यायची. पाय जमिनीपासून इंचभर वर उचलायचे आणि तोल जातोसे वाटले की टेकायचे. गंमत अशी की हळू जाताना गाडी जास्त डगमगते आणि थोडी गती आली की सावरते. गाडी एका बाजूला झुकली की चालवणारा नकळत त्याच बाजूला हँडल किंचित वळवतो आणि चाके पुन्हा भाराखाली येतात. टेकडीखालचा तो धोंडा न हलता उभा आहे. स्कूटर मात्र चालत राहिली तरच उभी राहते. तोल दोघांनीही सांभाळला आहे, पण रीत वेगळी.

तिसऱ्या दिवशी इंजिन सुरू झाले. सुरू करताना ब्रेक दाबून धरायचा आणि वेगाची मूठ अगदी सावकाश पिळायची. घाबरलेला हात मूठ घट्ट आवळतो आणि तशीच ती पिळली जाते. म्हणून मनगट सैल ठेवायचे. वळताना चाकाकडे न बघता जिथे जायचे आहे तिथे बघायचे. मावशीने विटांचे तुकडे मांडून इंग्रजी आठच्या आकाराचा मार्ग आखला. परवान्याच्या परीक्षेत अनेक ठिकाणी असेच वळण घ्यावे लागते. पहिल्या दिवशी मी जीव मुठीत धरून त्यातून जात होते. चौथ्या दिवशी ते अंगवळणी पडले.

(४)

पाचव्या दिवशी आम्ही रस्त्यावर आलो. स्कूटरच्या पुढे व मागे पांढऱ्या पाटीवर लाल रंगात शिकाऊ चालकाचे ‘एल’ अक्षर लावले. दोघींच्या डोक्यावर आयएसआय खुणेचे हेल्मेट, त्याचा पट्टा हनुवटीखाली नीट आवळलेला. शिकाऊ चालकाला दुचाकीवर मागे फक्त शिकवणाऱ्यालाच बसवता येते आणि त्याच्याजवळ पक्का परवाना असावा लागतो. म्हणून मागे मावशी बसली.

गढ्याचे रस्ते चढउताराचे आहेत. चढावर थांबायची वेळ आली तर मागचा ब्रेक धरून ठेवावा आणि निघताना मूठ पिळत तो हळूच सोडावा. उतार लागण्याआधीच वेग कमी करावा. पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करू नये. स्कूटरची चाके लहान असतात, त्यामुळे खड्डे व बारीक खडी त्यांना लवकर जाणवतात. अशा जागी वळणावर ब्रेक दाबू नये. मावशी एकेक गोष्ट मागून सांगत होती आणि माझे हात ती शिकत होते.

आम्ही संग्रामसागराच्या काठी थांबलो. गोंड राजा संग्रामशहाच्या नावाचा हा तलाव टेकड्यांच्या कुशीत आहे. जवळच बाजनामठाचे भैरवाचे देऊळ. संग्रामशहाचे बावन्न गड होते, असे इतिहास सांगतो. त्याची सून राणी दुर्गावती. पती दलपतशहा याच्या निधनानंतर तिने अल्पवयीन मुलाच्या नावाने राज्य चालवले आणि २४ जून १५६४ रोजी मोगल सरदार आसफखानाशी लढताना प्राण दिले. तिची लढाई लोकांच्या लक्षात आहेच. त्याबरोबर तिचे तलावही आहेत. जबलपुरातला रानीताल तिने बांधला, चेरीताल तिच्या दासीच्या आणि आधारताल तिचा मंत्री आधारसिंह याच्या नावाने ओळखला जातो, असे लोक सांगतात.

भेडाघाटला स्कूटरने जावे, असा मोह मला झाला. नर्मदेचा धुवांधार धबधबा आणि संगमरवरी कडे तेथून वीसेक किलोमीटरवर. पण वाटेत मोठी वाहने धावतात. मावशी म्हणाली, “तुला जाता येईल. पण आज नको.” तिच्या ‘आज नको’ मध्ये ‘कधीच नको’ नव्हते. मी पिशवी पाठीवर घेऊन बसने गेले, चौसष्ट योगिनींच्या देवळाच्या पायऱ्या चढले आणि धुवांधारचे तुषार अंगावर घेऊन संध्याकाळी परतले.

(५)

परतीच्या आदल्या दिवशी मावशीला डोळे तपासायला जायचे होते. “मी सोडते,” मी म्हटले. तिने किल्ली माझ्या हाती दिली आणि काही न बोलता मागे बसली. त्या दिवशी तिने वाटेत एकही सूचना केली नाही.

नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला टेकडीवर जैन मंदिरांचा समूह दिसतो. त्याचे नाव ‘पिसनहारी की मढिया’. पिसनहारी म्हणजे दळण दळणारी बाई. एका गरीब स्त्रीने लोकांचे दळण दळून, पै पै साठवून येथे मंदिर उभारले आणि तिच्या जात्याच्या तळ्या मंदिरावर बसवल्या गेल्या, अशी कथा आहे. तिच्या पुढ्यात राजाचा खजिना नव्हता. पसाभर धान्य जात्यात टाकायचे, ते दळून झाले की पुढचा पसा. मंदिर असेच पुरे झाले.

मंदिराच्या पायथ्याशी एक म्हातारे गृहस्थ रस्ता ओलांडत होते. मी दोन्ही ब्रेक मिळून दाबले. स्कूटर त्यांच्यापासून चांगली चार हात अलीकडे, न डगमगता उभी राहिली. ते सावकाश पलीकडे गेले. मागून मावशी एवढेच म्हणाली, “आता नागपूरला जाऊन परीक्षा दे.”

शब्दार्थ

मुलूख – प्रदेश
अंमल – सत्ता
कातळ – मोठा, अखंड खडक
महाकाय – प्रचंड आकाराचा
मनधरणी – आर्जव, विनवणी
तुषार – पाण्याचे बारीक थेंब
तळी – जात्याची दगडी चकती
पसा – पसरलेल्या तळहातात मावेल एवढे माप

वाक्प्रचार :
धीर येणे – हिंमत वाढणे
तोल सांभाळणे – पडू न देणे, समतोल राखणे
जीव मुठीत धरणे – अतिशय भिणे
अंगवळणी पडणे – सवयीचे होणे

पाठगत प्रश्न

१. कंसातील योग्य पर्याय निवडून रिकाम्या जागा भरा.
(अ) गढ्याच्या टेकड्यांतील खडक ………. आहे. (ग्रॅनाइट / संगमरवर / वाळूचा दगड)
(आ) बिनगिअरच्या स्कूटरवर डाव्या मुठीजवळील ब्रेक ………. चाकाचा असतो. (पुढच्या / मागच्या)
(इ) राणी दुर्गावतीने ………. साली प्राण दिले. (१५६४ / १७८१ / १८१७)

२. चूक की बरोबर ते सांगा.
(अ) शिकाऊ चालकाने मागे कोणालाही बसवले तरी चालते.
(आ) पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करावे.
(इ) शिकाऊ परवाना देशभर चालतो.

पाठाविषयी थोडेसे

या पाठात प्रवास आणि शिक्षण एकमेकांत मिसळले आहेत. लेखिका स्थळांची माहिती देते, पण तिचे लक्ष माणसांकडे आणि त्यांच्या कष्टांकडे आहे. मावशी शिकवताना सोप्या गोष्टीपासून अवघड गोष्टीकडे जाते. ढकलणे, थांबवणे, तोल साधणे, चालवणे, वळणे आणि शेवटी रस्ता, असा तिचा क्रम आहे. एक पायरी पक्की झाल्याशिवाय ती दुसरी घेत नाही. पिसनहारीच्या कथेतही हीच रीत दिसते.

मावशीची ‘थांबायला आलं की चालवायला आलंच’ ही शिकवण पाठाच्या केंद्रस्थानी आहे. स्वतःच्या पायावर उभे राहणे म्हणजे भरधाव जाणे, असा समज अनेकांचा असतो. ज्याला थांबता येते, त्यालाच निर्भयपणे निघता येते. भेडाघाटला त्या दिवशी स्कूटर न नेणे आणि रस्ता ओलांडणाऱ्या वृद्धासाठी वेळीच थांबणे, या दोन्ही प्रसंगांत लेखिका ही शिकवण आचरणात आणते.

हे लक्षात ठेवा

• गिअर असलेल्या दुचाकीसाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात.
• शिकाऊ परवाना ६ महिने चालतो. तो मिळाल्यावर किमान ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते.
• स्वतःची दुचाकी चालवण्याच्या परवान्यासाठी अमुक इयत्ता उत्तीर्ण असण्याची अट नाही. मात्र रस्त्यावरील चिन्हे व नियम ठाऊक असलेच पाहिजेत.

भाषाभ्यास

पुढील वाक्ये वाचा.
(१) मी म्हणेन तिथं ब्रेक दाब.
(२) दोन्ही ब्रेक मिळून दाबावेत.

पहिल्या वाक्यात समोरच्या व्यक्तीला आज्ञा केली आहे. असे क्रियापद आज्ञार्थी असते. दुसऱ्या वाक्यात काय करणे योग्य आहे, हे सांगितले आहे. असे क्रियापद विध्यर्थी असते. पाठात मावशी बोलते तेथे आज्ञार्थ आणि लेखिका नियम सांगते तेथे विध्यर्थ जास्त आढळतो. अशी प्रत्येकी दोन वाक्ये पाठातून शोधून लिहा.

तुम्ही काय शिकलात?

• गढा ही गोंड राजांची जुनी राजधानी असून मराठी माणसांचा या भागाशी दीर्घ संबंध आहे.
• स्थिर वस्तूचा तोल आणि गतिमान वाहनाचा तोल वेगवेगळ्या रीतीने राखला जातो.
• मोठ्या वयात शिकताना संकोच वाटतो; टप्प्याटप्प्याने सराव केल्यास तो मावळतो.

स्वाध्याय

१. मावशी स्कूटर का शिकली? तिच्या निर्णयाविषयी तुमचे मत पाच-सहा वाक्यांत लिहा.
२. ‘तिच्या “आज नको” मध्ये “कधीच नको” नव्हते.’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. बॅलन्सिंग रॉक व चालती स्कूटर यांच्या तोलातील फरक सांगा.
४. शाळा सुटल्यानंतर तुम्ही शिकलेल्या एखाद्या कामाचे टप्पे क्रमाने लिहा. उदा., शिवणयंत्र चालवणे, पोहणे, मोबाइलवरून पैसे पाठवणे.
५. उपक्रम : तुमच्या गावाजवळील एखाद्या जुन्या तलावाविषयी किंवा देवळाविषयी वडीलधाऱ्यांकडून माहिती मिळवा आणि दहा ओळींत लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) ग्रॅनाइट (आ) मागच्या (इ) १५६४
२. (अ) चूक (आ) चूक (इ) बरोबर